वर्डप्रेस मल्टिसाइटवर, म्हणजे एकाच इन्स्टॉलवर चालणाऱ्या साइट्सच्या नेटवर्कवर, वीसेक साइट्स आहेत. सगळे प्लगिन (साइटला जोडायच्या जास्तीच्या सोयी) सरळ नेटवर्क ॲक्टिव्हेट, म्हणजे सगळ्या साइट्सवर एकदम चालू, करून टाकू का?

नको. तुम्ही पुढं लिहिलंय की नेटवर्कवर वापरात नसलेला दिसला म्हणून फॉर्मचा प्लगिन डिलीट केला, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याच्या साइटवर चौकशीच्या फॉर्मच्या जागी चौकटी कंसातला शॉर्टकोड (फॉर्म बसवायची खूण) दिसायला लागला. तुमचा प्रश्न आणि ही गडबड, दोन्हीचं मूळ एकच आहे.

वर्डप्रेस मल्टिसाइटमध्ये प्लगिनच्या फाइली सगळ्या साइट्सना मिळून एकाच फोल्डरात असतात. चालू की बंद ही नोंद मात्र दोन ठिकाणी होते. नेटवर्क ॲक्टिव्हेट केलेल्याची डेटाबेसमधल्या साइटमेटा टेबलात, आणि एकेका साइटवर चालू केलेल्याची त्या त्या साइटच्या ऑप्शन्स टेबलात. नेटवर्क ॲडमिनमधलं प्लगिनचं पान, मुख्य साइट सोडली तर, फक्त पहिली नोंद बघतं. म्हणून बाकीच्या दहा साइट्सवर चालू असलेल्या प्लगिनच्या नावाखालीही तिथं 'नेटवर्क ॲक्टिव्हेट' आणि शेजारी लाल अक्षरांत 'डिलीट' एवढंच दिसतं. बघणाऱ्याला वाटणारच, हा तर नुसता पडून आहे की ओ.

तुमचे फॉर्म बहुतेक परत मिळतील. डिलीट करताना चालणारी सफाई मुख्य साइटपुरती होते. प्लगिन लिहिणाऱ्यानं मुद्दाम सगळ्या साइट्सवर फिरून पुसायची सोय केली असेल तरच बाकीचा डेटा जातो. प्लगिन पुन्हा टाका आणि त्या साइटच्या डॅशबोर्डात जाऊन बघा. मधल्या काळात तिथलं प्लगिनचं पान कोणी उघडलं असेल, तर फाइल सापडत नाही म्हणून वर्डप्रेसनं तो बंद केलेला असेल. मग हातानं चालू करा.

इथून पुढं डिलीटला हात लावण्याआधी डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला कमांड लिहून चालवायचं साधन) वापरा. साइट्सच्या यूआरएलची यादी काढायची आणि प्रत्येक यूआरएल देऊन चालू प्लगिनची यादी मागायची. चार ओळींची स्क्रिप्ट होते, आणि कोण कुठं चालू आहे याचा कागद हातात येतो. मी सोलापुरातल्या छोट्या व्यवसायांच्या साइट्स सांभाळतो आणि तो कागद निघाल्याशिवाय एकही प्लगिन काढत नाही.

आता नेटवर्क ॲक्टिव्हेट कशाला? सुरक्षा, बॅकअप, स्पॅम अडवणं, एवढ्यालाच. स्लायडर, पेज बिल्डर, बुकिंग हे ज्याला हवं त्याच्याच साइटवर. मंगल कार्यालयाच्या साइटला तारखांचं कॅलेंडर लागतं, म्हणून ते शाळेच्या साइटवर कशाला लोड व्हावं? आणखी एक भानगड अशी की नेटवर्क ॲक्टिव्हेट करताना प्लगिनचा सुरुवातीचा कोड एकदाच चालतो. स्वतःचं टेबल बनवणारा प्लगिन मल्टिसाइट डोक्यात ठेवून लिहिलेला नसेल, तर बाकीच्या साइट्सवर ते टेबल बनतच नाही, आणि तिथल्या एररचं कारण शोधण्यात दिवस जातो.

स्वतः लिहिलेले चार-दोन कोडचे तुकडे एमयू-प्लगिन्स फोल्डरात टाका. ते आपोआप चालू होतात, डॅशबोर्डातून कोणालाच बंद करता येत नाहीत. पण त्या फोल्डरातल्या सबफोल्डरात वर्डप्रेस डोकावत नाही आणि अपडेट आल्याचंही सांगत नाही. बाजारातला मोठा प्लगिन तिथं ठेवू नका.

नेटवर्क सेटिंग्जच्या तळाशी साइट ॲडमिनला प्लगिनचा मेनू दाखवायची एक खूण असते. ती काढूनच ठेवा. नवीन प्लगिन ते तसेही टाकू शकत नाहीत, पण मेनू दिसला की मालकाचा भाचा चालू-बंद करून बघणारच.

अपडेटचं दुखणं वेगळं. फाइल एकच असल्यामुळं एका साइटवर जुनी आवृत्ती आणि दुसरीवर नवी असं जमत नाही. 2020 च्या वर्डप्रेस 5.5 पासून प्लगिनचे ऑटो-अपडेट आले, 2024 च्या 6.6 पासून त्यात फॅटल एरर (साइट बंद पाडणारी चूक) आली तर जुनी आवृत्ती परत बसते. पण फॉर्मचं बटण गायब झालं किंवा पेमेंटचं पान रिकामं आलं, तर ती फॅटल एरर नसते. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. त्यामुळं वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकानाचा प्लगिन) चालणारं चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान मी नेटवर्कमध्ये घेतच नाही. दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराला अपडेट थांबवायचं असतं, आणि तेच अपडेट बाकीच्यांना सुरक्षेसाठी लगेच हवं असतं. त्याला वेगळं इन्स्टॉलच बरं. होस्टिंगचे जास्तीचे पैसे आधीच बोलून घ्या.