यादी खालून वर वाचा

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबतची यादी वाचली. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वाचनाची गोडी आहे, आवाज स्वच्छ आहे. तिला ऑडिओबुक आणि पॉडकास्टचं काम करायचंय, आणि त्यासाठी घरातल्या लहान खोलीत स्टुडिओ हवाय. यादीत सगळ्यात वर मोठा कंडेन्सर माइक, मग स्पीकरची जोडी, मिक्सर, काळ्या फोमचे चौकोन आणि अगदी तळाला ‘हेडफोन, घरातला चालेल का?’. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. हा खर्च वाया जाईल का, यात पोटापाण्याचं काय, आणि वस्तू वापरलेल्या घेतल्या तर चालतील का.

यादी खालून वर वाचा, निम्मी आपोआप गळेल. आणि यादीत नसलेली एक गोष्ट सगळ्यांच्या वर लिहा: खोली.

मोकळ्या, उघड्या भिंतींच्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. टाळीमागे टणत्कारासारखी शेपटी ऐकू येते ना? तीच प्रत्येक शब्दाला चिकटणार, आणि नंतर सॉफ्टवेअरने ती पुरती काढता येत नाही. कंडेन्सर माइक संवेदनशील, त्यामुळे तो ही शेपटीही इमानेइतबारे टिपतो. म्हणजे तिच्या खोलीत महागडा माइक आणला, तर खोलीचे दोष जास्त स्पष्ट ऐकू येतील एवढंच.

फोमचं पाकीट खोडून टाका. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, खालची घुमघुम तशीच राहते. खोलीतला आवाज बसका वाटतो, पण सुधारत नाही. आणि फोम लावला की बाहेरचे हॉर्न आत येणार नाहीत, हा गैरसमज तर फारच पसरलाय. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंती आणि फटी बुजवलेली दारं लागतात, ते बांधकाम आहे. (अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.) त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, जाड गाद्या-रजया वापरा, पुस्तकांची मांडणी असेल तर तीही कामाची. रजई कुठे टांगायची हे मात्र नीट बघा. बहुतेक जण ती माइकच्या मागे लावतात. कार्डिऑइड, म्हणजे एकाच दिशेने ऐकणाऱ्या, माइकला मागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकू येतं, म्हणून रजई वाचणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागे हवी. मग डाव्या-उजव्या बाजूला. छत राहिलं तर राहू द्या.

आता माइक. अशा घरगुती खोलीसाठी मी डायनॅमिक माइक सुचवेन, म्हणजे कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील जातीचा. रंगमंचावर वर्षानुवर्षं दिसणारा एसएम ५८ हा त्याच जातीचा, १९६६ पासून बनतोय. अशा माइकजवळ तोंड नेऊन वाचलं की आवाज भरदार येतो आणि खोली मागे पडते. मोकळ्यात अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. इतका साधा फायदा दुसऱ्या कशात नाही. अट एकच: डायनॅमिक माइकचा आवाज मुळात क्षीण असतो, त्यामुळे ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) भरपूर आणि शांत गेन देणारा, म्हणजे खरखर न आणता आवाज वाढवणारा हवा. कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्टचे फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच पुरवली जाणारी वीज) इथे लागत नाही.

मिक्सर खोडा. अनेक माइक एकाच वेळी जुळवायचे असतील तेव्हा त्याचा उपयोग, तुमच्याकडे एकच आवाज आहे. एक-दोन माइकचा इंटरफेस पुरे. स्पीकरही आता नकोत. न सुधारलेल्या लहान खोलीत स्पीकर खोटं बोलतात, आणि रेकॉर्डिंग चालू असताना ते बंदच ठेवावे लागतात. तळाला लिहिलेला हेडफोन म्हणूनच वर आणा: कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा, वायरचा. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा पोचतो. माइकचा स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडातली फुंकर अडवणारी माइकसमोरची जाळी) या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू यादीत नाहीतच, त्या घाला. सॉफ्टवेअरवर सध्या खर्च नको. रेकॉर्डिंग आणि संपादनासाठी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं.

पुढचा परिच्छेद तिलाच वाचायला द्या.

खरेदीआधी फोनवर, कपाटाच्या तोंडाशी बसून, एका पुस्तकाचं पानभर वाच आणि ते हेडफोन लावून ऐक. नंतर पंखा, फ्रिज बंद-चालू करून शांततेची दोन रेकॉर्डिंग कर. फरक ऐकशील तेव्हा चकित होशील. माइक आला की तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेव, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे बसणार नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट ही सेटिंग निवडून रेकॉर्ड कर आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे (या पट्टीवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा). आवाज वर आपटून फाटला तर दुरुस्तीला फारसा वाव नसतो, कमी असला तर वाढवता येतो. ऑडिओबुकसाठीचा एसीएक्स हा मंच सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च पातळी उणे ३ च्या खाली आणि मागची खरखर उणे ६० च्या खाली मागतो. हे आकडे आजपासून डोळ्यांसमोर ठेव. त्यातला तिसरा गाठताना सगळ्यांचीच दमछाक होते, आणि तिथे माइकपेक्षा बंद केलेला पंखा जास्त कामाला येतो.

आता पोटापाण्याचं. फक्त आवाजावर विसंबून राहणं अवघड आहे. कृत्रिम आवाजांनी स्वस्तातलं काम बरंच खाल्लंय, आणि उरलेल्या चांगल्या कामासाठी गर्दी आहे. संपादनाचं काम मात्र तुलनेने टिकून आहे: श्वास, चुका, तोंडाचे चटचट आवाज काढणं, पातळी सारखी करणं, पाहुण्याचा खराब आवाज ऐकण्याजोगा करणं. बोलणाऱ्या लोकांची कमतरता नाही. वेळेवर स्वच्छ फाइल देणारे कमी आहेत. या कामासाठी तर माइकही लागत नाही, कान आणि हेडफोन लागतात. ऑडिओबुकचे पैसे अनेकदा तयार तासावर, म्हणजे पूर्ण झालेल्या रेकॉर्डिंगच्या लांबीवर ठरतात, आणि तो एक तास तयार करायला नवख्याला वाचन, संपादन, तपासणी धरून सहा तास तरी लागतात, हे हिशेब करताना विसरू नका. म्हणून पदवी पूर्ण करायलाच हवी. हे काम संध्याकाळीही होतं, आणि साहित्य, भाषा किंवा विज्ञान जे काही शिकेल ते वाचताना कामी येईल.

वापरलेल्या वस्तूंबद्दल: डायनॅमिक माइक दणकट असतो, तो बिनधास्त जुना घ्या, फक्त स्वतः बोलून ऐका. कंडेन्सर जुना घेणं टाळा, त्याला ओलावा आणि आपटणं मानवत नाही. इंटरफेस घेताना त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या संगणकाच्या आत्ताच्या प्रणालीवर चालतं का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहा, आणि सगळी बटणं फिरवून खरखर येते का ते ऐका. हेडफोनच्या गाद्या झिजलेल्या असतील तर त्या बदलून मिळतात. वायर सैल असेल तर मात्र परत द्या.