गाडीचा इन्शुरन्स एकदम डबल कसा झाला?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी ऑक्टोबर २०२२ ची पेट्रोल गाडी आहे, ११९७ सीसी. गेल्या वर्षी इन्शुरन्सला ९,६७६ रुपये लागले, यंदा शोरूमवाल्यानं १८,१६१ चं कोटेशन टाकलं, फोटो जोडलाय. गाडी जुनी होत चाललीय अन् हप्ता डबल, हे काय गणित झालं? क्लेम एकच घेतला, जानेवारीत मानवतच्या रस्त्याला उसाची ट्रॉली बंपरला घासून गेली तेव्हा, ४,६०० चं बिल, हजार कापून ३,६०० मिळाले. यंदा सोयाबीन पाण्यात गेलंय, पैशाची लैच ओढाताण आहे. नुसतं थर्ड पार्टी काढलं तर चालंल का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, फोटो झूम करून एकेक ओळ वाचली. हा आकडा सगळाच्या सगळा महागाईचा नाहीये. २०२२ ला गाडी काढली तेव्हाच थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचे, ३ वर्षांचे पैसे एकदम भरून घेतले होते, सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तसा नियमच आहे, त्यामुळं मधली दोन वर्षं तुम्ही फक्त ओडीचे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचेच पैसे भरत होता. ती ३ वर्षं आता संपली म्हणून ३,४१६ ची ओळ नवीन आलीय, जीएसटी धरून ४,०३१. तुमच्या सीसीला १ जून २०२२ पासून सरकारनं ठरवून दिलेला हाच दर आहे, कुठल्याबी कंपनीत जा, तिथं घासाघीस होत नाही.

बंपरचं वाचून मात्र जीव हळहळला. तो क्लेम नसता तर यंदा ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, मिळाला असता, ८,४०० च्या ओडीवर २,९४०, वर जीएसटी, म्हणजे जवळपास ३,४७०. आले ३,६०० अन् गेले ३,४७०, शिवाय पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी परत २० पासून सुरुवात! क्लेमचा फॉर्म भरून घेताना हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे होतं. इथून पुढं घासलं-पोचलं तर आधी बाहेरच्या डेंटरला भाव विचारा, मगच क्लेमचं बघा.

आता कापायचं काय ते सांगते. चावी-टायर कव्हरचे १,००० लावलेत, ते काढायला सांगा. मालक-चालक अपघात विम्याचे ३७५ आहेत, तुमचा १५ लाखांचा तसा विमा मोटरसायकलच्या पॉलिसीत किंवा दुसरीकडं आधीच असेल तर हेबी दुसऱ्यांदा भरायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. ओडीचा दर २००७ पासून कंपन्या आपापला लावतात, तेव्हा शोरूमचंच घ्यायचं असं काही नाही, अजून दोन-तीन ठिकाणी विचारा, पण आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सगळीकडं एकच धरून, नाहीतर तुलनाच होत नाही. कुणी म्हणंल आयडीव्ही थोडी कमी करू, हप्ता उतरतो. नका करू. गाडी चोरीला गेली तर त्या आकड्यापुढं एक रुपया मिळत नसतो.

अन् नुसतं थर्ड पार्टी? कायद्याला चालतं, मला पटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा-सिंदफणाकाठी पुरानं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, थर्ड पार्टीत पाण्यात गेलेल्या आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही. उलट चावी-टायरच्या जागी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं वेगळं कव्हर, किती पडतंय ते विचारा. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला की इंजिन बसतं अन् त्याचा खर्च साध्या ओडीत बहुतेक वेळा नाकारतात, झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, असलं तरी. म्हणून बुडालेल्या गाडीला चावी लावायचीच नाही, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं अन् टो करूनच हलवायची.

गाडीवर कर्ज चालू असेल तर बँकेची अटबी बघून घ्या, बऱ्याच बँकांना फुल इन्शुरन्सच लागतो. तारीख मात्र चुकवू नका, पॉलिसी संपली की परत इन्स्पेक्शन लागतं अन् तोवर रस्त्यात धरलं तर पहिल्या वेळी २,००० दंड. नवीन कोटेशन आलं की पैसे भरायच्या आधी फोटो पाठवा, मी बघून सांगते.