गडचिरोलीवर उप्सालातून लिहिताना

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोप लागली नाही. स्वीडनमध्ये उप्सालाला पीएचडीची जागा मिळाली आहे, विषय गडचिरोलीत आत्मसमर्पण केलेल्या नक्षलवादी बायका, सोबत नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा. जाऊ का, मुलाच्या शाळेचं काय, तिथून आपल्या भागाबद्दल मोकळेपणानं लिहिता येतं का, आणि एकटं वाटतं का, असं तू विचारलंयस. मी चंद्रपूरची. २०१६ साली, जवळपास याच विषयावर काम करायला, याच गावात आले. तेव्हा हे कुणाला विचारावं ते मला कळलं नव्हतं.

पगार, कर, तिथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज, दवाखान्याची सोय हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित लिहिलेलं आहे. इथे पीएचडी करणारा विद्यापीठाचा नोकरदार असतो, फी भरत नाही, पगार घेतो, हेही तुला माहीत असणार. त्यावर मी वेळ घालवत नाही.

कागदांचं मात्र सांगते, कारण ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. बापाच्या जागी नवरा येतो. पदवी घेतलेली बाई आणि अर्ज करणारी बाई एकच कशावरून, असं एका कार्यालयानं विचारलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, ते पुरलं नाही. राजपत्रात नाव छापून घेतलं, त्याचं भाषांतर केलं, पुन्हा शिक्के. तोवर दुसरी गोष्ट निघाली. लेकीच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नव्हतं. बाराव्या दिवशी बारसं थाटात झालं, पण नगरपरिषदेत जाऊन नाव चढवायचं आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. दाखल्यावर फक्त आईबापाची नावं आणि 'स्त्री'. सात वर्षं त्या कागदावाचून काही अडलं नव्हतं.

माझा परवाना आला, तिचा आणि नवऱ्याचा अडकला. रुजू व्हायची तारीख १ सप्टेंबर. मी निघाले. ती साडेचार महिने तिच्या बाबांसोबत माझ्या आईकडे राहिली. त्या साडेचार महिन्यांत मी रोज सकाळी नऊ वाजता टेबलाशी बसून दुसऱ्यांची मुलं कुठे, कोणत्या तारखेला, कुणाच्या गोळीनं मेली याच्या नोंदी करत होते. संध्याकाळी फोनवर लेक विचारायची, आज काय केलंस? मी म्हणायची, वाचलं. थांबून तिच्यासोबतच यायला हवं होतं का, तारीख पुढे ढकलून मागायला हवी होती का, याचं उत्तर नऊ वर्षांत मला देता आलेलं नाही. मी मागितलीच नाही, कारण जागा जाईल अशी भीती वाटली. तू माग. फार तर नाही म्हणतील.

शाळा. लेक जानेवारीत आली, बर्फात. नव्यानं आलेल्या मुलांच्या वर्गात तिला बसवलं, तिथे सोमालिया आणि सीरियातून आलेली मुलं होती. तो वर्ग खरोखर चांगला होता. दुखलं ते वेगळंच. स्वीडनमध्ये मुलाला शाळेतून मातृभाषेचा तास मिळण्याचा हक्क आहे, आणि ही गोष्ट वाचून मला देश सोडल्याचं जवळजवळ समाधान वाटलं होतं. पण त्या भाषेची किमान पाच मुलं पालिकेच्या हद्दीत लागतात आणि शिकवायला योग्य माणूस लागतो. मराठीची पाच मुलं त्या वर्षी जमली नाहीत. शाळेनं मला न विचारता तिचं नाव हिंदीच्या तासाला घातलं. मी गेले, सांगितलं की आमची भाषा मराठी. समोरच्या बाई मनानं चांगल्या होत्या. लिपी एकच आहे ना, म्हणाल्या. मी दिवसभर माणसांना रकान्यांत बसवण्याचं काम करते, चुकीचा रकाना म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, तरी मी भांडले नाही. नवीन होते, भाषा येत नव्हती, परवाना वर्षावर्षानं वाढायचा होता. आज ती सोळा वर्षांची आहे. आजीचं सगळं बोलणं तिला समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. "हिंदीत कायले बोलून राहिली वो?" असं आई फोनवर विचारते, आणि लेक माझ्याकडे बघते.

तुझा मुलगा सहाचा आहे. आल्या आल्या बाकीचे मराठी पालक शोध आणि अर्ज एकत्र द्या. घरी मराठीशिवाय दुसरं काही बोलू नकोस, तू कितीही दमलेली असलीस तरी. मी दमत होते.

एकटेपणाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, शेजारी जिन्यात भेटला तर हसतो आणि जातो. पहिली दोन वर्षं जड जातात. मग सवय होते.

आता कामाचं. उप्सालात १९७१ पासून शांतता आणि संघर्षाच्या अभ्यासाचा विभाग आहे, आणि जगभरातल्या सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवणारा मोठा प्रकल्प तिथे चालतो. एका वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष धरायचा, ही व्याख्या तू वाचली असशीलच. प्रत्येक घटनेला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वांत विश्वासार्ह असे तीन आकडे. मृत कुठल्या बाजूचे त्याचे रकाने: एक बाजू, दुसरी बाजू, नागरिक, आणि अज्ञात. जागा किती नेमकी माहीत आहे, तारीख किती नेमकी, यालाही गुण. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला ते फार शिस्तीचं, फार आदराचं वाटलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाची इतक्या काळजीनं नोंद कोण करतं? आजही मला तसंच वाटतं, म्हणून मी इथे आहे.

पण तू आपल्या भागातली आहेस, म्हणून तुला ते वेगळं लागेल. नक्षलवाद्यांचे दोन हल्ले घे. ८ ऑक्टोबर २००९, लाहेरी, १७ पोलीस. १ मे २०१९, जांभूळखेडा, १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. इथल्या सहकाऱ्यांसाठी या ओळी आहेत. मला लाहेरी म्हटलं की भामरागडचा रस्ता आणि पावसात तुटणारा पर्लकोटाचा पूल दिसतो. खबऱ्या ठरवून एकेकटे मारलेले आदिवासी तर बातमीतही चार ओळींचे असतात: अमुक गाव, रात्री घरातून नेलं, शेजारी पत्रक टाकलेलं. ते चार ओळींचे मृत्यू नीट वाचायला शीक, तुझ्या विषयातल्या बायका त्याच गावांतून येतात. आणि जे मृत्यूपर्यंत पोचत नाही ते मोजायचं कसं, हा प्रश्न तुला पहिल्याच वर्षी पडेल. दडपशाही मोजण्याच्या एका जुन्या पद्धतीत अॅम्नेस्टीचे आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे वार्षिक अहवाल वाचून देशाला एक ते पाच गुण देतात. अख्ख्या भारताला एक आकडा. आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावणारी बाई आणि रात्री दादालोकांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, भात रांधून देणारी बाई, अनेकदा एकच बाई, त्या आकड्यात कुठे येते? हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुझा प्रबंध इथूनच सुरू होईल असं मला वाटतं.

फील्डवर जाण्याआधी इथे नैतिक परवानगी लागते. एखाद्याची राजकीय मतं ही कायद्यानं संवेदनशील माहिती आहे आणि २०१९ पासून त्यासाठी देशभराचं एकच मंडळ आहे. अर्जात लेखी संमतीचा नमुना जोडायचा असतो. तू भांडून तोंडी संमती मंजूर करून घे. तुझ्या बायकांनी आयुष्यात ज्या कागदांवर सह्या आणि अंगठे दिले, त्यांतला एकही त्यांच्या भल्यासाठी आला असं त्यांना वाटत नाही. मी पहिल्या फेरीत कागद घेऊन गेले. धानोऱ्याकडच्या एका बाईनं तो हातात धरला, उलटा धरला, आणि विचारलं, हा कुठे जाणार? मला खरं उत्तर ठाऊक नव्हतं.

त्याचं उत्तर असं आहे: स्वीडनमध्ये १७६६ च्या कायद्यापासून सरकारी कागद जनतेला खुले असतात, आणि विद्यापीठं बहुतेक सरकारीच. तुझी विद्यापीठाच्या पत्त्यावरची मेलसुद्धा कुणी मागू शकतं. गुप्ततेचे अपवाद आहेत, पण ते प्रत्येक वेळी तपासून ठरतं. हे मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. तोवर मी गावांची नावं मेलमध्ये लिहीत होते. त्यातून कुणाला काही झालं नाही, एवढंच म्हणू शकते. तू पहिल्या दिवसापासून नावं लिहू नकोस. गाव, टोला, माहेर, काही नाही. आपल्याकडे गाव, वय आणि मुलांची संख्या सांगितली की माणूस सापडतं.

मोकळेपणानं लिहिता येतं का? येतं. आणि तेच मला सर्वांत जास्त खुपतं. ६ जून २०१८ ला नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजीच्या विभागप्रमुख शोमा सेन यांना भीमा कोरेगाव प्रकरणात, माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून, अटक झाली. मी त्या विद्यापीठातून शिकले, तो व्हरांडा मला माहीत आहे. त्यांना जामीन मिळाला एप्रिल २०२४ मध्ये. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना तशाच आरोपावरून गडचिरोलीच्या न्यायालयानं मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली, त्यांनी नागपूरच्या तुरुंगात वर्षं काढली, मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, आणि ऑक्टोबरमध्ये ते गेले. सेन यांना अटक झाली त्या जूनमध्ये मला गावाकडून सात-आठ फोन आले. सगळे एकच म्हणत होते, बरं झालं वेळेवर निघालीस.

मी वेळेवर वगैरे निघाले नव्हते. माझ्यावर कुणाची नजर नव्हती. मी निघाले कारण नागपुरात तासिका तत्त्वावर शिकवून घर चालत नव्हतं, आणि इथे दरमहा पगार होता. पण इथल्या परिसंवादांत लोक माझा विषय ऐकतात आणि हळू आवाजात विचारतात, परत जाणं सुरक्षित आहे का? सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना दुरुस्त केलं नाही. गप्प राहिले की ते जास्त लक्ष देऊन ऐकायचे. एकदा एका वरिष्ठांनी सुचवलं, धोक्यातल्या अभ्यासकांसाठीच्या जागेला अर्ज कर. स्कॉलर्स अॅट रिस्क १९९९ पासून अशा लोकांना विद्यापीठांत जागा मिळवून देते, जर्मनीत फिलिप श्वार्ट्झच्या नावानं शिष्यवृत्ती आहे. तो स्वतः १९३३ मध्ये नाझी जर्मनीतून पळालेला डॉक्टर, बाकीच्या पळालेल्यांना कामं शोधून देणारा. मी अर्ज अर्धा भरला. 'तुम्हाला असलेल्या धोक्याचं स्वरूप' या चौकटीशी येऊन बसले, आणि त्या रात्री लेकीच्या वर्गातल्या सीरियन मुलाची आई डोळ्यांसमोर आली. अर्ज बंद केला. तुला खरोखर धोका असेल तर अजिबात लाजू नकोस, लगेच लिही. नसेल तर ती चौकट दुसऱ्या कुणाची आहे.

आता जे सांगायला मी एवढं लिहिलं ते. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यात कसनासूरजवळ चकमक झाली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. इंद्रावतीतून मृतदेह निघत राहिले, आकडा रोज वाढत ४० वर गेला. पोलिसांनी सगळे नक्षलवादी म्हणून सांगितले. गट्टेपल्लीच्या काही घरांनी सांगितलं, आमची मुलं लग्नाला निघाली होती. मी तेव्हा माझ्या प्रबंधासाठी गडचिरोलीची स्वतंत्र यादी करत होते. माझी दुभाषी, माडिया आदिवासी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तिनं फोन केला. ती त्या घरांना ओळखत होती. तासभर बोलली. मी सगळं लिहून घेतलं. मग पद्धत सांगते तसं केलं: दोन स्रोत एकमेकांना छेद देतात, स्वतंत्र पुरावा हाती नाही, तर रकाना 'अज्ञात'. आजही कुणी विचारलं तर मी हेच करीन. याहून दुसरं काही करणं म्हणजे मला वाटतं ते लिहिणं.

आठवड्यानं तिनं विचारलं, ताई, तू काय लिहिलंस? मी म्हणाले, तू सांगितलंस ते लिहिलं.

तिला इंग्रजी येत नाही, प्रबंध ती वाचणार नाही, हे मला बोलताना माहीत होतं. त्यानंतर मी दोनदा गडचिरोलीला जाऊन आले. दोन्ही वेळा तिच्याकडे जेवले. एकटेपणाचं मघाशी दोन ओळींत संपवलं, ते तितकं खरं नाही. इथे या रकान्याबद्दल बोलायला मला दहा हुशार माणसं आहेत, सगळी म्हणतात निर्णय योग्य आहे. जिच्याशी बोलायला हवं ती एकच आहे, आणि तिच्याशी मी खोटं बोलले आहे.

जा. जागा चांगली आहे, विषय तुझाच आहे, आणि तो इथे करायला वेळ आणि पैसा मिळतो, जो नागपुरात मिळत नाही. पण तुझ्या दुभाषीला निघण्याआधी हे रकाने मराठीत कागदावर काढून दाखव. 'अज्ञात' म्हणजे काय ते तिला समजावून सांग, आणि तिला पटलं नाही तर तेही लिहून घे. आणि मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघ, त्यावर त्याचं नाव आहे का.