सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आहे, पण मोठ्या कंपन्यांत जागा नाही. एटीआर (पंख्यांची छोटी प्रवासी विमानं) उडवणाऱ्या छोट्या कंपनीत जावं का?

जा. २०० तासांचं सीपीएल घेऊन घरी बसण्यापेक्षा एटीआरच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसलेलं कधीही बरं. लहान धावपट्ट्या, दिवसाला चार-पाच उड्डाणं, पावसाळ्यात कोकणपट्टीचं हवामान. हात तिथेच बसतो. एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठीचा परवाना) लागणारे १५०० तासही भरत जातात.

भरतीचं चक्र मात्र लहरी आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३च्या मेमध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवख्यांची रांग मागे सरकली. उलट त्याच २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. पण ऑर्डर म्हणजे उद्याची नोकरी नव्हे, विमानं यायला वर्षं लागतात.

गोव्यातल्या मोपाहून उडणारी फ्लाय९१ एटीआरवर आहे, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्राएर जेटवर. टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवण्याची पात्रता) एकाच प्रकारच्या विमानापुरतं असतं, त्यामुळे एअरबसवर जाताना पुन्हा खर्च (आणि वडिलांचा चेहरा) आठवेल. सही करण्याआधी बाँडची (मुदतीआधी कंपनी सोडल्यास भरायची) रक्कम नीट वाचा. नोकरी सोडतानाची नोटीसही लांबलचक असते: नियमाने को-पायलटला सहा महिने, कमांडरला (कॅप्टनला) वर्ष.