मुलगी म्हणते लोणारच्या जंतूंवर काम करायचंय, पोट भरेल का?

भाऊ नमस्कार, पत्र वाचलं. तुमचं मेहकरला मेडिकल, मुलगी बीएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला, तुमचं म्हणणं की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लॅब टाकावी आणि ती म्हणते सूक्ष्मजीवांची इकॉलॉजी-इव्होल्यूशन (ते कुठे, कसे जगतात आणि पिढ्यानुपिढ्या कसे बदलतात) शिकायचंय, म्हणून तुम्ही विचारताय की याने पोट भरतं का.

भरतं, पण उशिरा. एमएस्सी दोन वर्षं, पुढे पीएचडी पाच-सहा, नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) निघाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं, कायमची नोकरी तिशीनंतरच. तेवढा दम घरात नसेल तर आत्ताच बोला तिच्याशी, मधेच सोडायला लावू नका.

पण विषय बिनकामाचा म्हणताय ते नाही पटलं. सर्दीला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मागणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे रोज येत असेल ना? सर्दीच्या विषाणूला त्याने काही होत नाही, पण पोटातले बॅक्टेरिया मरतात, जे तग धरतात तेच वाढतात, वर आपली प्रतिकाराची जीन्स शेजारच्या दुसऱ्याच जातीला देऊन मोकळे. हीच इव्होल्यूशन, तुमच्या काउंटरवर चाललेली. अमेरिकेत लेन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने 1988 मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचे 12 फ्लास्क सुरू केले, रोज फ्लास्कमधला शंभरावा भाग नव्या खाद्यात टाकायचा, दर 500 पिढ्यांनी थोडे गोठवून ठेवायचे म्हणजे जुन्या पिढ्या परत जिवंत करून तपासता येतात. तीस हजार पिढ्या उलटल्यावर एका फ्लास्कमधले जंतू हवा असताना चक्क सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खायला लागले, जे ई. कोलायला एरवी जमत नाही!! पोरीला हे माहीत असणार, विचारून बघा, तासभर बोलेल.

आणि लोणार तर तुमच्या शेजारीच. जून 2020 ला तळं गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काय काय तर्क लावले, पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं तर मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्याचे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं.

आता कामाचं. तिला एमएस्सीच्या दोन प्रवेश परीक्षा, जॅमचा बायोटेक पेपर आणि गॅट-बी, दोन्ही द्यायला सांगा. स्टॅटिस्टिक्स आणि आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासूनच, कारण या विषयातलं निम्मं काम आता कॉम्प्युटरवर होतं आणि आपली मायक्रोची मुलं नेमकी तिथेच अडकतात. तुम्ही पत्रात लिहिलेल्या त्या खासगी बायोइन्फॉर्मॅटिक्स (कॉम्प्युटरवर जीन्सची माहिती तपासणं) डिप्लोम्याचे पैसे अजिबात भरू नका. त्यापेक्षा सुट्टीत खऱ्या लॅबमध्ये काम करू दे, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची समर फेलोशिप आहे, तिचा फॉर्म भरा, शिवाय आघारकर, आयसर पुणे, पुण्यातलंच नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स, गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) इथल्या शास्त्रज्ञांना मेल करायचा. मेल तिने स्वतः लिहायचा, तुम्ही नाही, आणि सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट नको, त्यांचा एखादा पेपर वाचून त्यावर प्रश्न विचारला की उत्तर यायची शक्यता वाढते.

डीएमएलटीचं दोन वर्षांनी बघू, तो कोर्स कुठे पळून जात नाही.