आईची लिथियमची गोळी बंद करावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ५८ वर्षांच्या, बायपोलरसाठी (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारासाठी) नऊ वर्षं लिथियम कार्बोनेट घेतात, दिवसाला ९०० मिलिग्रॅम, आणि तब्येत ठीक आहे. बाबांनी बॅटऱ्यांवरचा एक व्हिडिओ पाहिला आणि "हे तर बॅटरीतलं विष, उद्यापासून बंद" असं घरात सांगून टाकलं. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या मामांनी आजीच्या विसरण्यावर उपाय म्हणून लिथियम ऑरोटेटची, म्हणजे लिथियमच्याच दुसऱ्या एका क्षाराची, बाटली पाठवली. वर "ताईलाही (म्हणजे तुमच्या आईंना) हेच दे, सौम्य असतं" असा निरोप. आता गोळी बंद करायची, बदलायची, की आजीलाही सुरू करायची, या तिढ्यात तुम्ही आहात.

मी ३१ वर्षं रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम केलं. माझा धाकटा भाऊ २४ वर्षं लिथियमवर आहे, म्हणजे मी त्याची शुभंकरही (आजारी माणसाची काळजी घेणारी घरची व्यक्ती) आहे. मी डॉक्टर नाही. पण हे औषध परीक्षानळीत आणि घरातल्या जेवणाच्या ताटापाशी, दोन्हीकडे पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तातडीचं. गोळी बंद करू नका. बंद झालीच असेल तर उद्या सकाळीच मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. डोस आपल्या मनाने परत सुरू करायचाही नाही, त्यांना विचारूनच. लिथियम एकदम थांबवलं की जुना आजार उसळून येण्याची भीती मोठी असते, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच, आणि त्या काळात आत्महत्येचा धोकाही वाढतो. कधी बंद करावं लागलंच तर डॉक्टर ते आठवडे, महिने घेऊन उतरवत आणतात. रात्री-अपरात्री काही वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

आता बाबांचा मुद्दा. तो उडवून लावू नका, कारण त्यांचं अर्धं खरं आहे. लिथियम तेच आहे. अणुक्रमांक ३, सगळ्यांत हलका धातू. १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला उटो बेटावरच्या एका खनिजात ते सापडलं. दगडातून निघालं म्हणून ग्रीक भाषेतल्या दगडाच्या शब्दावरून नाव पडलं.

हिशेब करून दाखवते. लिथियम कार्बोनेटच्या वजनात शुद्ध लिथियम जेमतेम १९ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ५६ मिलिग्रॅम, आणि आईंच्या दिवसाच्या ९०० मध्ये सुमारे १६९. आता बॅटरी. तिथे ढोबळ नियम असा की एका अँपिअर-तासामागे ०.३ ग्रॅम लिथियम. तुमच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइलमध्ये दीड ग्रॅम झालं. आईंच्या नऊ दिवसांच्या गोळ्यांतही तेवढंच असतं. बाबांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. बॅटरी धोकादायक असते ती तिच्यातल्या ज्वलनशील द्रावकांमुळे, फ्लोरिनच्या क्षारामुळे, कोबाल्ट-निकेलमुळे, आणि साठवलेली ऊर्जा एका क्षणात सुटू शकते म्हणून. गोळीत यातलं काहीच नाही, आहे तो एक साधा क्षार.

मग एकच मूलद्रव्य दोन्हीकडे कसं? लिथियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) अतिशय लहान असतो, म्हणून. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी दाखवलं की कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांमध्ये हा आयन सहज शिरतो आणि तसाच बाहेर येतो, वहीच्या पानांत खूणपट्टी सरकवावी तसा. त्याआधी व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडवर हेच केलं होतं, १९८५ मध्ये योशिनो यांनी दुसऱ्या टोकाला कार्बन वापरून बॅटरी सुरक्षित केली, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९चं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. पेशीतही आकाराचाच खेळ चालतो. लिथियम आणि मॅग्नेशियम आयनांच्या आकारात फारसा फरक नाही. काही एन्झाइमांना काम करायला मॅग्नेशियम लागतं, त्याच्या जागी लिथियम जाऊन बसतं आणि एन्झाइम मंदावतं. त्यातलं एक जीएसके-३. हे नाव लक्षात ठेवा, आजीच्या प्रश्नात परत येईल.

औषध म्हणून याची गोष्ट मी नव्या मुलींना लॅबमध्ये नेहमी सांगत असे. जॉन केड हे ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या रुग्णालयात ते उन्मादाच्या (बायपोलरमधल्या अति उत्तेजित अवस्थेच्या) रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य सापडतं का ते गिनीपिगांवर तपासत होते. युरिक आम्ल पाण्यात विरघळेना म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार वापरला, आणि प्राणी शांत पडले. पुढे त्यांनी दहा उन्मादी रुग्णांना लिथियम दिलं आणि १९४९ मध्ये निबंध छापला. पहिला रुग्ण ५१ वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात. तो इतका सुधारला की घरी गेला, कामाला लागला. १९५० मध्ये तोच माणूस लिथियमच्या विषबाधेने गेला.

त्याच १९४९ साली अमेरिकेत हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला दिलं जात होतं. त्यातही लोक दगावले आणि त्यावर बंदी आली. म्हणजे बाबांच्या 'विष' या शब्दामागेही खरा इतिहास आहे. फरक पडला तो मोजमापाने. १९५१ मध्ये मेलबर्नमध्येच नोअॅक आणि ट्राउटनर यांनी फ्लेम फोटोमीटरवर रक्तातली पातळी मोजत शंभरावर रुग्णांना लिथियम दिलं. डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांनी १९५४ पासून पद्धतशीर चाचण्या केल्या. अमेरिकेत मान्यता मिळाली १९७० साली.

तो फ्लेम फोटोमीटर मी वर्षानुवर्षं चालवला आहे. रक्तद्रव पातळ करून ज्योतीत फवारायचा. सोडियम पिवळं जळतं. लिथियमचं तीव्र द्रावण ज्योतीत गेलं की ती गर्द किरमिजी होते, हळदीकुंकवातल्या कुंकवासारखी. रुग्णाच्या रक्तात ते इतकं थोडं असतं की डोळ्याला रंग दिसत नाही, यंत्राचा काटाच सांगतो. आता त्या जागी इलेक्ट्रोडची यंत्रं आली आहेत. पण आकडा तोच महत्त्वाचा: नेहमीच्या उपचारात साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर. दीडच्या वर विषबाधेची लक्षणं. औषध आणि विष यांच्यात इतकं कमी अंतर असणारी औषधं फार थोडी आहेत.

माझ्या भावाच्या बाबतीत हे अंतर सहा दिवसांत ओलांडलं गेलं. मे महिना, घरात लग्न, त्याचा गुडघा दुखत होता. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून त्याने डायक्लोफिनॅक आणलं आणि कुणाला न सांगता सहा दिवस घेतलं. धावपळीत पाणी कमी, जेवण कमी. सहाव्या दिवशी चहाचा कप हातात थरथरून बशीत चहा सांडला. जीभ जड झाल्यासारखं बोलत होता, पाय फाकवून चालत होता. पाहुणे म्हणाले, दमलाय. रक्त माझ्याच टेबलावर आलं. आकडा २.१. मी आधी नळीचं झाकण पाहिलं, कारण हिरव्या झाकणाच्या नळीत बहुधा लिथियम हेपॅरिन असतं आणि त्यात रक्त घेतलं तर लिथियम खोटंच जास्त दिसतं. झाकण लाल होतं. पुन्हा चालवलं. तेच आलं. चार दिवस सलाइनवर होता. मूत्रपिंडं वाचली, तोही वाचला.

हे का झालं ते आईंसाठी समजून घ्या. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करत नाही. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं, सोबत लिथियमही. म्हणून जुलाब-उलट्या, कडक ऊन, निर्जळी उपवास, अळणी खाणं, रक्तदाबाच्या काही गोळ्या (थायझाइड गटातल्या आणि 'प्रिल'वर संपणाऱ्या), आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, या सगळ्यांनी पातळी चढते. हरतालिकेचा निर्जळी उपवास आईंनी करू नये. मनाला लागणार असेल तर डॉक्टरांकडूनच सांगवून घ्या, आमच्या घरी तसंच केलं. अंग दुखलं तर काय घ्यायचं हेही त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

आता मामांची बाटली. ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये हार्वर्डच्या ब्रूस यांकनर यांच्या गटाचं संशोधन आलं, लिथियम आणि स्मृतीबद्दलच्या बातम्या त्याच्याच आहेत. काम खरोखर मोलाचं आहे, दहा वर्षांचं आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत त्यांनी २७ धातू मोजले. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ठळकपणे कमी आढळला तो एकच, लिथियम. म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाच्या मेंदूतही ते अन्नपाण्यातून येऊन किंचित असतंच, आणि त्याचं तिथे काही काम असावं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात. ती लिथियमला धरून ठेवतात आणि पेशींना ते मिळत नाही. उंदरांच्या खाण्यातलं लिथियम काढून मेंदूतलं प्रमाण निम्म्यावर आणलं तेव्हा पुटं वाढली, स्मरण ढासळलं, आणि त्यामागे जीएसके-३ ची वाढलेली हालचाल दिसली. मी वर सांगितलेलं तेच एन्झाइम.

जुनी बॅटरी लवकर का उतरते ते आठवलं मला हे वाचताना. तिच्यातलं लिथियम कुठे जात नाही, आतच थरांत अडकून निकामी होतं. ही तुलना माझी आहे, संशोधकांची नाही. पण ऑरोटेटमागची युक्ती रसायनशास्त्राचीच आहे. हा क्षार द्रावणात कमी आयनीभूत होतो, म्हणून अमायलॉइड त्याला कमी पकडतं, आणि उपचाराच्या डोसाच्या सुमारे हजाराव्या भागाइतक्या मात्रेतही उंदरांची स्मृती सुधारली.

उंदरांची. इथे मामांना थांबवा. यांकनर यांनी स्वतः सांगितलं आहे की माणसांवर सिद्ध झाल्याशिवाय कुणी आपणहून लिथियम घेऊ नये. उंदरांत अल्झायमर बरा करणारे कितीतरी पदार्थ माणसांत फसले आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं अल्झायमरवरचं औषध लेकॅनेमॅब सुद्धा १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी करतं, थांबवत नाही.

माणसांवरचे पुरावे आशादायक आहेत पण एका सुरात बोलत नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१७ साली स्मृतिभ्रंशाचे सुमारे ७३,७०० रुग्ण आणि त्यांच्या दहापट इतर लोक यांच्या पिण्याच्या पाण्यातलं लिथियम तपासलं. सर्वांत जास्त लिथियमच्या भागात स्मृतिभ्रंश कमी, पण मधल्या पातळीच्या भागात उलट जास्त. केंब्रिजच्या २०२२ च्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या २९,६१८ मानसोपचार रुग्णांत लिथियम घेतलेले ५४८ होते. त्यांच्यात स्मृतिभ्रंश ९.७ टक्के, बाकीच्यांत ११.२. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चाचणी नव्हे, पण बाबांना वाचून दाखवा, कारण तो आईंच्याच गोळीबद्दल आहे.

आईंना ऑरोटेट बदली म्हणून द्यायचं तर हिशेब पुन्हा पाहा. अशा बाटल्यांत सहसा एका गोळीत ५ मिलिग्रॅम लिथियम असतं, आईंना लागतं १६९. तिसाव्या भागापेक्षाही कमी. सौम्य औषध दिल्याचं समाधान मिळेल आणि प्रत्यक्षात आईंचं औषध बंद झालेलं असेल. कार्बोनेटच्या जोडीला दिलं तर पातळीत भर, तीही डॉक्टरांच्या नकळत. बाटली आईंच्या हाती पडणार नाही अशी ठेवा.

आजींना आधी तपासणी हवी, बाटली नको. विसरणं वाढण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, ऐकू न येणं, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या असू शकतात, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे. आपल्या शाकाहारी घरांतली बी-१२ ची कमतरता मी रोज पाहत आले आहे, ते फार साधं निदान असूनही राहून जातं. न्यूरॉलॉजिस्टना मामांची बाटली जरूर दाखवा, आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्याही. त्या वयात मूत्रपिंडाची ताकद कमी झालेली असते.

आईंची लिथियम पातळी साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी बघायची, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम ठरलेल्या अंतराने. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आणि हिरव्या झाकणाची नळी दिसली तर विचारायचं, ताई, लिथियमसाठी हीच चालेल का? चांगला तंत्रज्ञ रागावत नाही.

फाइल काढून आईंच्या शेवटच्या लिथियम रिपोर्टची तारीख आणि आकडा इथे लिहा, नाव झाकून. आणि बाबा तयार असतील तर मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.