व्हॅनचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलण्यापूर्वी

प्रश्न : माझी अकरा आसनी डिझेल व्हॅन चिपळूण–गुहागर मार्गावर रोज धावते. गेल्या पावसाळ्यापासून तिचा वायपर मध्येच आपोआप सुरू होतो, ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद उजळतो, गाडी उभी असताना रात्री सेंट्रल लॉक टकटक वाजते आणि दोन वेळा सकाळी बॅटरी उतरलेली आढळली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘यू०१४०’ हा कोड आला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, वायपर, कुलुपे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेले आहे, नवे २८,००० रुपयांना पडेल, जुने ९,००० रुपयांत मिळवून देतो, असे मला सांगण्यात आले. जुने घेतले तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जुने की नवे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू या, कारण आपल्या पत्रावरून मॉड्यूल खराब असल्याचे अजून सिद्ध झालेले दिसत नाही. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड हे गाडीतील मॉड्यूलांच्या आपसांतील संपर्काविषयीचे असतात. यू०१४० याचा अर्थ एवढाच की, दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने बॉडी कंट्रोल मॉड्यूलची वाट पाहिली आणि त्याच्याकडून संदेश आला नाही. तो न येण्यास मॉड्यूल जळणे हे एक कारण आहे. पण त्याला वीज न मिळणे, त्याचे अर्थिंग (प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) सुटणे किंवा संदेशाची तार तुटणे यांपैकी काहीही घडले तरी नेमका हाच कोड येतो.

पूर्वीच्या गाड्यांत वायपरचा प्रवाह थेट स्विचमधून जात असे, त्यामुळे बिघाड त्या एका तारेच्या वाटेवर सापडायचा. आता स्विच केवळ मागणी नोंदवतो आणि वायपर, इंडिकेटर, हॉर्न, आतले दिवे, दारांची कुलुपे यांना वीज सोडण्याचे काम हे मॉड्यूल करते. म्हणूनच एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकाच वेळी बिघडल्या की मेकॅनिकचे बोट सरळ मॉड्यूलकडे जाते. मात्र या सर्व गोष्टींचे फ्यूज आणि अर्थिंगही बऱ्याच अंशी सामाईक असते. आपण लिहिलेले एक लक्षण तर फार बोलके आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळतो, याचा अर्थ ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह परतीची नेहमीची वाट बंद असल्यामुळे शेजारच्या बल्बमधून वाट काढत आहे. हे प्रामुख्याने सुटलेल्या अर्थिंगचे लक्षण असते. तेव्हा सुरुवात मागच्या डाव्या दिव्याच्या होल्डरपासून करावी आणि मग पुढे मॉड्यूलकडे यावे.

मला ही गोष्ट एका शालेय व्हॅनने शिकवली. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नवे मॉड्यूल बसवून झालेले होते आणि दोष जसाच्या तसा होता. वायपर, ब्लोअर आणि हेडलाइट एकदम चालू करून बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि मॉड्यूलच्या अर्थिंगची पिन यांच्यामध्ये मीटर लावला, तर तो २.८ व्होल्ट दाखवत होता, तेथे ०.१, फार तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये. डाव्या बाजूचे पायाजवळचे कव्हर काढले आणि कारण समोर आले. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते, रंगाचा थर बोल्टच्या जागेवरही बसला होता आणि अर्थिंगची रिंग त्या रंगावरच आवळलेली होती. जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, रिंग पुन्हा आवळली, वरून ग्रीस लावले आणि सर्व तक्रारी थांबल्या. मालकाचे नव्या मॉड्यूलचे पैसे मात्र गेले, कारण एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

आपल्या मेकॅनिककडून पुढील तपासण्या आपल्या समोर करून घ्याव्यात आणि आलेले आकडे कागदावर लिहून घ्यावेत. रात्रभर स्थिर राहिलेली, पूर्ण भारलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, ती १२.२ च्या खाली असेल तर आधी भारून घ्यावी, कारण वीज कमी पडली की निरोगी मॉड्यूलसुद्धा वेड्यासारखे वागते. नंतर मॉड्यूलचा कपलर (तारांचे जुडगे जोडणारा प्लग) काढून त्यातील वीजपुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये २१ वॅटचा साधा बल्ब लावून पाहावा. नुसता मीटर येथे फसवतो, कारण तारेची एकच काडी शिल्लक राहिली असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्बने मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह मागितला की कमकुवत तार उघडी पडते. पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिना एकाहून अधिक असतात, त्यामुळे वायरिंगचा नकाशा पाहून प्रत्येक पिन तपासावी. संदेशाच्या किंवा सेन्सरच्या पिनांना मात्र हा बल्ब चुकूनही लावू नये.

संदेशाच्या तारा म्हणजे पीळ घातलेली ‘कॅन’ची जोडी; ‘कॅन’ हे मॉड्यूलांना आपसांत जोडणारे जाळे. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजल्यास तो ६० ओहमच्या आसपास यायला हवा, कारण जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. १२० आला तर एक टोक सुटलेले आहे; शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र यांपैकी एक रोधक काही व्हॅनमध्ये बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्याच पोटात असतो. अशा गाडीत मॉड्यूल काढून मोजणाऱ्याला १२० दिसणारच, आणि तो त्याला दोष समजून पुढे भलतीकडे जातो. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतली जोडी यांच्यामध्ये संदेश पोहोचवणारे वेगळे मॉड्यूल) असतो, तेथे सॉकेटवरचे माप आतल्या जोडीविषयी काही सांगत नाही. तेथे मॉड्यूलच्या कपलरवरच मोजावे लागते.

स्कॅनर मॉड्यूलशी अधूनमधून तरी बोलत असेल, तर वायपरचा दोष लगेच उलगडतो. पडद्यावर वायपर-स्विचची नोंद उघडून ठेवावी. स्विच बंद असताना ती ‘चालू’ दाखवत असेल, तर स्विचचा कपलर काढावा. नोंद ‘बंद’ झाली तर दोष स्विचचा. तरीही ‘चालू’च राहिली तर तो तारेत किंवा मॉड्यूलमध्ये आहे. मग मॉड्यूलकडची ती एक तार वेगळी केली की या दोघांपैकी कोण, हेही कळते.

तक्रार पावसाळ्यापासूनची आहे, म्हणून पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढच्या काचेखालच्या पन्हाळीत पाने साचून निचऱ्याचे भोक बुजले की पाणी डॅशबोर्डच्या आत शिरते. ते मॉड्यूलवर थेट पडतेच असे नाही. पुष्कळदा ते तारांच्या जुडग्यावरून वातीसारखे सरकत कपलरमध्ये उतरते. कपलर काढून टॉर्चच्या उजेडात पिना पाहाव्यात. त्यांच्या मुळाशी हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्यावे आणि परत बसवताना जुडग्याला कपलरच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तेथेच गळून पडतो. भुकटी मॉड्यूलच्या आतल्या सर्किटच्या पाटीपर्यंत पोहोचली असेल तर ते बदलावेच लागेल. पण गळती बंद केल्याशिवाय नवे बसवणे म्हणजे दुसरे मॉड्यूल त्याच पाण्याखाली ठेवणे होय. याच वेळी उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा यांच्यासाठी मध्येच सोलून घेतलेले जोडही पाहून घ्यावेत. रात्री कुलूप वाजण्याचे आणि बॅटरी उतरण्याचे मूळ अशा जोडांतही असू शकते.

हे सर्व निर्दोष निघाले आणि तरीही मॉड्यूल बोलत नसेल, तरच ते बदलावे. जुन्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : ज्या गाडीतून ते काढले तिचा चेसिस क्रमांक आणि पक्के बिल मिळत नसेल तर घेऊ नये. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा पूर विसरता येणार नाही. पुरात बुडालेल्या गाडीतील मॉड्यूल वाळल्यावर काही महिने नीट चालते आणि मग आतली गंज आपले काम करते. शिवाय आपल्या भागावर छापलेला क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. डबा आणि कपलर सारखे दिसणे पुरेसे नाही. जुन्या मॉड्यूलमध्ये आधीच्या गाडीचा चेसिस क्रमांक, तिच्या सोयींची मांडणी आणि अनेक गाड्यांत किल्ल्यांची नोंदही असते. ती पुसून आपली माहिती लिहिण्याची साधने असलेला कारागीर हाताशी असेल, तरच नऊ हजारांचा सौदा खरोखर नऊ हजारांत राहतो. नवे मॉड्यूलही कोरे येते आणि त्याचे कोडिंग करावेच लागते, म्हणून सांगितलेल्या रकमेत कोडिंग धरले आहे का, हे आधी विचारावे.

आपले जुने मॉड्यूल क्षणभर जरी बोलत असले, तरी काढण्यापूर्वी त्यातील मांडणी स्कॅनरमध्ये उतरवून घ्यावी आणि काम पूर्ण होईपर्यंत ते कोणालाही देऊ नये. काढताना किल्ली बाहेर, ऋण टर्मिनल सुटे आणि त्यानंतर दहा मिनिटे थांबणे, हा क्रम पाळावा. डॅशबोर्डमधील पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. कोडिंगच्या वेळी बॅटरीला स्थिर वीज देणारे सपोर्ट युनिट जोडलेले असावे, कारण मध्येच व्होल्टेज घसरले तर नवे मॉड्यूल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते. साधा चार्जर हे काम नीट करत नाही. शेवटी गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास स्वस्थ ठेवावी आणि बॅटरीतून निघणारा प्रवाह मोजावा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल, तर सकाळी गाडी सुरू होईल.

प्रश्न : माझ्या मालवाहू व्हॅनला त्याच क्रमांकाचे जुने मॉड्यूल बसवले. दिवे, वायपर, हॉर्न सर्व चालतात, स्टार्टरही फिरतो. पण इंजिन पकडत नाही आणि मीटरवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते. हे मॉड्यूलही खराब आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. हा इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा, नकार आहे. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक लहान चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, कारण कुलपाभोवतीच्या कॉइलमधूनच तिला वीज मिळते. ती आपली ओळख सांगते आणि मग आपल्या व्हॅनसारख्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल व इंजिनचे मॉड्यूल परस्परांची गुप्त खूण पडताळतात. परक्या गाडीच्या मॉड्यूलला आपली किल्लीही ओळखीची नाही आणि आपले इंजिनही. रिमोटने दार उघडले तरी त्यावरून काही ठरत नाही, कारण रिमोट आणि चिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ मॉड्यूल परत जोडून इंजिन सुरू होते का ते पाहावे. झाले तर माझे निदान बरोबर. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत बसू नये, कारण काही गाड्या वारंवार चुकीची ओळख आल्यावर ठरावीक काळ स्वतःला बंद करून घेतात. कोडिंगसाठी जाताना आर.सी. आणि घरातल्या सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात. पुष्कळ गाड्यांत नोंदणी करताना आधीची यादी पूर्ण पुसली जाते, आणि कपाटात राहिलेली दुसरी किल्ली त्या दिवसापासून फक्त दार उघडण्याच्या कामाची उरते.